करटोली लावताना आपण नेमके काय लावतो?

श्रावण लागला की दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांत करटोलीची आठवण निघतेच. नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद असा विखुरलेला हा आपला समाज. एखाद्याला बाजारात करटोली दिसली की तो बाकीच्यांना कळवतो, आणि मग जो तो पिशवी घेऊन निघतो. गेली काही वर्षे मी या खरेदीकडे स्वयंपाकघरापेक्षा वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहत आलो आहे. दक्षिण दिल्लीतील चित्तरंजन पार्कच्या बंगाली वस्तीत मिळते ते मोठे, फिकट हिरवे, अंगभर मऊ काटे असलेले ‘काकरोल’. आठवडी बाजारात राजस्थान किंवा मध्य प्रदेशाकडून आलेली एखादी टोपली दिसते, त्यात लहान, गोलसर, गर्द हिरवी फळे असतात; विक्रेता त्यांना ‘ककोडा’ म्हणतो. आपली माणसे दोन्हींना करटोलीच म्हणतात आणि दोन्ही आनंदाने खातात. खाणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते लावणाऱ्याचे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात करटोलीच्या लागवडीकडे ओढा वाढला आहे. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांनी या भाजीला शहरात प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा दर इतर वेलभाज्यांपेक्षा चढा राहतो, आणि एकदा लावलेला कंद अनेक वर्षे फुटतो. साहजिकच अनेकांनी कंद विकत आणून मांडव घातले. माझ्या परिचयातील एका शेतकऱ्यानेही घातला. त्याने कंद आणले ते ‘करटोलीचे, मादी’ या तोंडी हमीवर. जुलैत वेल तारेवर चढले, पिवळी फुले आली, मांडव सुरेख दिसू लागला. फळे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्याने फुलांची छायाचित्रे मला दिल्लीत पाठवली. बहुसंख्य वेल नर होते. मादी होते त्यांत काही आपल्या करटोलीचे, तर काही काकरोलचे. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावे. पण एक हंगाम गेला, तारांचा आणि खांबांचा खर्च अंगावर पडला, आणि गावात बोलबाला झाला की करटोली शेतात धरत नाही, ती रानातच बरी.

करटोली शेतात धरते. अडचण आहे ती बेण्याच्या ओळखीची.

शास्त्रीय भाषेत आपली करटोली म्हणजे मोमोर्डिका डायोइका. कोकणात आणि देशावर करटोली, कर्टुली, कंटोळी, विदर्भात काटवल, गुजरातेत कंकोडा, छत्तीसगडात खेखसी. रॉक्सबर्ग यांनी भारतात केलेल्या कामाच्या आधारे विल्डेनॉव यांनी १८०५ साली हे नाव प्रसिद्ध केले. ‘डायोइका’ या शब्दाचा अर्थच दोन घरे असा आहे. नर फुलांचे घर वेगळे, मादी फुलांचे वेगळे. म्हणजे एका वेलीवर एकाच लिंगाची फुले. भोपळा, काकडी, दोडका, कारले यांच्या एकाच वेलीवर दोन्ही प्रकारची फुले येतात, त्यामुळे बी लावले की फळ येणार हे शेतकरी गृहीत धरतो. करटोली कारल्याची जवळची नातलग असूनही या बाबतीत तिचे वळण वेगळे आहे. गंमत अशी की मोमोर्डिका या प्रजातीत दोन घरांची पद्धतच जुनी आहे आणि कारल्याची एका घराची पद्धत नंतरची, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसते. या प्रजातीत सुमारे साठ जाती आहेत, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत. आशियात पोहोचलेल्या मोजक्या जातींपैकी करटोली एक.

आपल्या पूर्वजांना हा लिंगभेद माहीत होता, फक्त त्यांनी त्याला दिलेले नाव आपल्याला आज चकवते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कर्कोटकी आणि वंध्या कर्कोटकी अशा दोन वनस्पती येतात. मराठीत दुसरीला ‘वांझ करटोली’ म्हणतात. ही वांझ करटोली म्हणजे नर वेल. तिला फळ धरत नाही म्हणून ती वांझ. औषधासाठी तिचा कंद खणण्याची चाल जुनी आहे. नावातला दोष असा, की वांझ म्हटले की शेतकऱ्याला ती निरुपयोगी वाटते. मांडवातून वांझ वेल उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. दोन वर्षांनी त्यांची मादी वेलही ‘वांझ’ होते, कारण तिच्या फुलांना पराग देणारा कोणी उरलेला नसतो. विस्तार कार्यकर्त्यांनी हा शब्द निदान सल्ला देताना तरी टाळावा आणि सरळ ‘नर वेल’ म्हणावे.

नर-मादी ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच, तो म्हणजे फूल. कंदाच्या आकारावरून, पानाच्या खाचेवरून किंवा वेलीच्या जोमावरून लिंग सांगता येत नाही; तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली कळी असल्यापासूनच काटेरी गाठ दिसते, तीच पुढे फळ होते. नर फुलाखाली अशी गाठ नसते; बारीक देठाच्या टोकाशी फुलाला बिलगून एक लहान वाटीसारखे पान असते. एवढे पाहायला भिंग लागत नाही. बियांपासून वाढवलेल्या वेलींत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात, त्यात बियांचे कवच कठीण आणि उगवण रेंगाळणारी. म्हणून बियांपासून थेट लागवड करणे म्हणजे अर्धा मांडव आधीच नरांना देऊन टाकणे होय. आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर पुरेसा असतो, तोही मांडवात विखरून लावलेला.

आता वेळेचा प्रश्न, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्या सल्ला-पत्रिकांत याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. करटोलीचे फूल सायंकाळी, दिवेलागणीच्या सुमारास उमलते. त्याला कस्तुरीसारखा मंद वास असतो आणि त्यावर येतात ते पतंग. सकाळपर्यंत फूल मलूल होते. आपण शेतकऱ्याला नेहमी सांगतो, की मधमाश्या जपायच्या तर कीटकनाशकाची फवारणी सायंकाळी करा. काकडी-भोपळ्यासाठी तो सल्ला योग्य आहे. करटोलीच्या मांडवावर मात्र तोच सल्ला उलटा पडतो, कारण फवारा नेमका परागवाहक यायच्या वेळी होतो. शेजारी कोणती पिके फुलावर आहेत ते पाहून प्रत्येक ठिकाणी वेळ ठरवावी लागेल; पण ‘सायंकाळी फवारा’ हे वाक्य करटोलीच्या पत्रिकेत डोळे मिटून उतरवू नये.

काकरोलचे फूल पहाटे उमलते. ते आकाराने मोठे, पाकळ्या फिकट पिवळसर, आणि मध्यभागी गडद जांभळा-काळा डाग. करटोलीच्या लहान पिवळ्या फुलात असा डाग नसतो. डाग आहे की नाही आणि फूल केव्हा उमलले, या दोन गोष्टी पाहिल्या तर जात ओळखायला शेतकऱ्याला प्रयोगशाळेची गरज पडणार नाही. काकरोल ही मोमोर्डिका सबअँग्युलाटा या जातीची रेनिगेरा ही उपजाती. आसामात तिला भाट-केरेला म्हणतात. बंगाल, बांगलादेश, आसाम आणि ईशान्येकडील पावसाळी मुलूख हे तिचे घर. करटोलीत गुणसूत्रे २८, काकरोलमध्ये ५६. दोहोंचा संकर हाताने करता येतो, पण त्यातून येणारी पहिली पिढी वांझ असते, आणि इथे हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो. मग ज्या मांडवात मादी करटोलीची आणि नर काकरोलचे, तिथे काय होणार? एकाची फुले पहाटेची, दुसऱ्याची सायंकाळची; परागवाहक वेगळे; गुणसूत्रांचे गणित जुळत नाही. माझ्या परिचितांच्या मांडवात हेच झाले होते.

या गोंधळाचा दोष केवळ रोपवाटिकांवर टाकता येत नाही. जुन्या पुस्तकांत काकरोलला कधी मोमोर्डिका डायोइका, तर कधी मोमोर्डिका कोचिनचायनेन्सिस म्हटलेले आढळते. ही तिसरी जात म्हणजे आग्नेय आशियातील ‘गॅक’. तिचे फळ कितीतरी मोठे, पिकल्यावर लालभडक, आणि व्हिएतनाममध्ये तिच्या बियांभोवतीच्या लाल गराने सणासुदीचा भात रंगवतात. भारतात ती अंदमानात आणि ईशान्येकडे आढळते. त्यात पश्चिम घाटातील आणखी एका वेलीची भर पडली. मोठ्या, सोनेरी फुलांची ही वेल केरळातील संशोधकांनी २००७ साली मोमोर्डिका सह्याद्रिका या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. तोवर तिचीही गणना करटोलीतच होत असे. म्हणजे जिला आपण एक वेल समजत होतो, त्या निदान तीन-चार आहेत. शास्त्रज्ञांना हे उलगडायला दोनशे वर्षे लागली; बाजाराने एका हंगामात ओळखावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. पण उलगडल्यानंतरही आपण जुनीच नावे वापरत राहिलो, तर मात्र दोष आपल्याकडे येतो.

नावाबरोबर मुलूखही पाहावा लागतो. करटोलीचा मुलूख विस्तृत आहे: सह्याद्रीच्या पूर्व उतारापासून सातपुडा, विदर्भाची पानगळीची राने, छत्तीसगड, ओडिशा, पूर्व घाट, गुजरात आणि राजस्थानातील अरवलीपर्यंत, भारताबाहेर श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार. या साऱ्या प्रदेशात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचा मोठा कोरडा काळ. करटोलीचे सारे जीवन या लयीवर बेतलेले आहे. पाऊस सरला की वेल सुकते, कंद जमिनीत झोपतो, आणि वळवाच्या सरींनी किंवा मृगाच्या तोंडावर पुन्हा जागा होतो. दिल्लीसारख्या ठिकाणी हिवाळ्याची थंडीही तो झोपेतच काढतो. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे. काकरोलला हा दुष्काळाचा सराव नाही. तिला ओल हवी, दमट हवा हवी. फळाचे वजन पाहून कोणी सोलापूरच्या माळावर काकरोल लावील, तर पाण्यावर खर्च करत बसेल.

याचा अर्थ काकरोल महाराष्ट्राला परकी ठेवावी असा नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का भारत हा काकरोलचा वाण कोडगूसारख्या पावसाळी भागातील शेतकऱ्यांनी स्वीकारला आहे, आणि कोकणच्या हवेत तो करून पाहण्याजोगा आहे असे माझे मत आहे. पानगळीच्या मुलखासाठी रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा इंदिरा कंकोडा-१ हा करटोलीचाच वाण उपलब्ध आहे. दोन्हींना आपापली जागा आहे. आग्रह एवढाच, की लेबलवर काय आहे ते शेतकऱ्याला स्पष्ट कळावे.

आणि लेबलच नसले तर? आज लागवडीला लागणारे बरेचसे कंद रानातून येतात. या प्रश्नाचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तोच आहे. रानातील करटोली दुहेरी पेचात सापडली आहे. कोवळी फळे जितकी सापडतील तितकी खुडली जातात, त्यामुळे फळ पिकून केशरी होणे, उकलणे, लाल गरातल्या बिया पाखरांनी नेणे हा क्रमच खुंटतो. नवी रोपे येत नाहीत. जुने कंद असतात तोवर वेल दरवर्षी दिसते आणि सारे ठीक आहे असा भास होतो. मग लागवडीची मागणी आली की तेच जुने कंद खणले जातात. काकरोलच्या मुळांना नवे कंद आणि फुटवे येतात, त्यामुळे तिची वाढ तुलनेने सोपी. करटोलीचा कंद बहुतेक एकुलता, सोटमुळाचा. तो खणला की त्या जागेची वेल संपते. औषधासाठी नर कंद आणि लागवडीसाठी मादी कंद असे दोन्हीकडून खणले गेले, तर झुडपात उरलेल्या वेलींच्या फुलांना पतंग येतील, पण पराग नसेल.

यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकावा लागतो आणि तो खोटा नाही. रानाजवळची कुटुंबे फळे आणि कंद विकून पावसाळ्यातला खर्च भागवतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांना हक्क दिला आहे, त्यात कंदमुळेही येतात. दिल्लीत बसून त्यांना ‘खणू नका’ सांगणारा मी कोण? मान्य. म्हणून मी बंदी मागत नाही. मी म्हणतो, की त्या कुटुंबांकडून कंद विकत घेण्याऐवजी वेलीचे तुकडे विकत घ्या. फुलावर आलेली, फळांनी लगडलेली मादी वेल कोणती, ती कोणत्या झुडपात आहे, तिचे फळ चवीला कसे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्या वेलीच्या दोन-तीन पेरांच्या छाटण्या संजीवकात बुडवून रुजवता येतात. मूळ कंद जागेवर राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो आणि पुन्हा छाटण्या देतो. लिंगाची खात्री आधीच झालेली असते, कारण वेल फुलताना पाहिलेली असते. कंद एकदाच विकता येतो, छाटण्या दरवर्षी. या व्यवहारात रानाजवळच्या कुटुंबाचे नुकसान होते असे मला वाटत नाही. छाटण्या रुजण्याचे प्रमाण कंदाइतके भरवशाचे नसते आणि पहिल्या वर्षी फळ कमी मिळते, हे शेतकऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर त्याचाही पुढे बोभाटा होईल.

रोपवाटिकांसाठी प्रमाणपत्र सक्तीचे करावे, अशीही एक सूचना येते. मला ती आज तरी घाईची वाटते. हा व्यवसाय लहान हातांत आहे, कागदांच्या ओझ्याने तो मोडेल आणि मोठ्या हातांत जाईल. त्यापेक्षा प्रत्येक रोपाला तीन गोष्टी लिहिलेली चिठ्ठी बांधण्याची सवय लागू द्या: जात कोणती, नर की मादी, आणि मूळ वेल कोणत्या गावच्या रानातली किंवा मांडवातली. तिसरी गोष्ट अनेकांना अनावश्यक वाटेल. पण कोरड्या पट्ट्यातली वेल आणि घाटमाथ्यावरची वेल एकाच जातीची असूनही सारखी वागेलच असे नाही, आणि चांगली निपजलेली वेल पुन्हा शोधायची तर तिचे गाव ठाऊक असायला हवे.

ही नोंद करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुसा परिसरातील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. केरळातील त्रिशूरच्या केंद्रात मोमोर्डिकाच्या रानटी जातींवर मोठे काम झाले आहे. जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार व्हायच्या आहेत. अशा काही वह्या मी चाळल्या आहेत. त्यांत ‘करटोली’ एवढा एक शब्द असतो, पुढे ‘भाजीसाठी’ असा शेरा. नर किती, मादी किती, कोणत्या नाल्याकाठी, फूल पहाटेचे की सायंकाळचे, काही नाही. ज्या कृषी सहायकाला त्या गावची वाट माहीत आहे, त्याने जुलै-ऑगस्टमध्ये दोन संध्याकाळी भाजीवाल्या बायांबरोबर कुंपणांतून आणि नाल्याकाठाने फिरून ही नोंद केली, तर कोणत्याही दिल्लीच्या तज्ज्ञापेक्षा ती अधिक उपयोगी ठरेल. मादी वेलीला लाल दोरा आणि नराला पांढरा, एवढेच साहित्य लागते. काही फळे वेलीवरच पिकू द्यायची, हे ठरवण्यासाठीही तोच दोरा कामाला येतो.

ज्या परिचिताचा मी वर उल्लेख केला, त्याने मांडव मोडला नाही. काकरोलच्या वेली त्याने विहिरीकाठच्या ओलसर कोपऱ्यात हलवल्या आणि हंगामभर मधून मधून सायंकाळी फिरून आपल्या बांधावरच्या रानटी करटोलीच्या फळांनी भरलेल्या वेलींना दोरे बांधले. या वर्षी त्याने छाटण्या लावल्या आहेत. किती रुजल्या ते तो पुढच्या महिन्यात कळवणार आहे. मी त्याला प्रत्येक छाटणीमागे मूळ वेलीची जागा लिहून ठेवायला सांगितले आहे.